यॉर्क (इंग्लंड): एका दिवसात उरकेल का? आणि आजूबाजूला काय बघावं?

कांदेपोहे

लोक्स, मदत हवीये. मे महिन्यात आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे पीटरबरोला येतायत. लंडन, विंडसर, बाथ हे सगळं नेहमीचं यादीत आहेच, पण बाबा मध्य रेल्वेतून रिटायर झालेत आणि कुठल्यातरी व्हिडिओत त्यांनी यॉर्कचं रेल्वे म्युझियम बघितल्यापासून रोज फोनवर एकच विषय चालू आहे, "ते यॉर्कचं काय ठरलं?" आमच्याकडून यॉर्कला थेट गाडी आहे, सव्वा-दीड तासात पोचते, म्हणून नवऱ्याचं म्हणणं सकाळी जाऊ आणि रात्री घरी येऊ, हॉटेलचा खर्च कशाला. मला वाटतंय की एवढं लांब जायचं तर निवांत बघावं. आईचे गुडघे दुखतात, फार चालवत नाही, पण देवळं, जुन्या वास्तू, इतिहास यात तिला भारी रस आहे. दोघंही शाकाहारी (बाबा अंडं खातात, आईच्या नकळत). तर यॉर्कमध्ये नक्की काय बघायचं, काय सोडायचं, आसपास कुठे जाता येईल? नेटवरच्या टॉप टेन याद्या वाचून डोकं फिरलंय, तुमचे अनुभव सांगा प्लीज.

मुपो लीड्स

नवऱ्याला सांगा हॉटेल बुक कर, बाकी आम्ही बघतो :)

सिरियसली, एका दिवसात यॉर्क "होतं" यात वाद नाही, गाव लहान आहे, तटबंदीच्या आतलं सगळं चालत फिरता येतं. पण प्रॉब्लेम असा की बाकीचे सगळेही एका दिवसाचेच येतात. साडेदहाच्या सुमाराला गाड्या आणि कोच रिकामे होतात आणि दुपारी चारपर्यंत त्या चिंचोळ्या गल्ल्यांमधून अक्षरशः लोकांच्या पाठी बघत चालायचं. पाचला दुकानं मिटतात, गर्दी स्टेशनकडे वळते आणि मग खरं यॉर्क सुरू होतं. मे महिन्यात नऊपर्यंत उजेड असतो, म्हणजे चार तास गाव तुमचंच. नेमक्या त्याच वेळेला तुम्ही परतीच्या गाडीत सँडविच खात बसणार असाल तर मग काय उपयोग.

माझा सल्ला: एक रात्र तरी राहाच, दोन राहिलात तर एक दिवस बाहेर कुठेतरी जाता येईल. मिकलगेट बार या वेशीच्या बाहेर बार कॉन्व्हेंट म्हणून आहे, १६८६ पासून चालू असलेलं नन्सचं ठिकाण, इंग्लंडमधलं अजून नांदतं असलेलं सगळ्यात जुनं कॉन्व्हेंट. तिथे गेस्ट हाऊस चालवतात, स्टेशनपासून जवळ आहे आणि आईला आवडेल असं शांत.

आता तटबंदी. हे फुकट आहे आणि माझ्या मते गावातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. पूर्ण फेरी सुमारे साडेतीन किलोमीटर, पण आईंना सगळी करायला लावू नका. बूथम बार ते मंक बार एवढाच तुकडा करा, वीसेक मिनिटं, सावकाश अर्धा तास. डाव्या हाताला खंदक, उजव्या हाताला डीनच्या (मुख्य धर्मगुरूच्या) घराच्या बागा आणि त्यांच्या मागे मिन्स्टर, म्हणजे यॉर्कचं प्रचंड कॅथीड्रल, आणि चालाल तसतसा त्याचा कोन बदलत जातो, आधी पुढचे दोन टॉवर दिसतात, मग मधला, मग पूर्वेकडची ती प्रचंड खिडकी. दोन्ही टोकांना दगडी जिने आहेत, अरुंद आणि जरा उंच पायऱ्यांचे, तेवढं सावकाश. आतल्या बाजूला काही ठिकाणी कठडा नाही, लहान पोरं असतील तर हात धरून ठेवा. अंधार पडायच्या सुमाराला दारं बंद करतात आणि थंडीत बर्फ जमला तर चढूच देत नाहीत.

मिन्स्टरबद्दल सविस्तर लिहितो, आत्ता मीटिंग आहे.

टवाळखोर

एक उलटं मत देतो, मारू नका. यॉर्क ओव्हरहाइप्ड आहे. शॅम्बल्स शॅम्बल्स म्हणून जी गल्ली बघायला लोक मरतात ती शंभरेक मीटरची आहे आणि त्यात निम्मी दुकानं जादूच्या कांड्या आणि झगे विकतात. हॅरी पॉटरच्या सिनेमाचं शूटिंग त्या गल्लीत झालेलंच नाही, तरी बाहेर रांग! मिन्स्टरला तगडं तिकीट. त्यापेक्षा गाडीत अजून पाऊण तास बसून डरहमला जा, तिथलं कॅथीड्रल फुकट आहे (देणगी ठेवा पेटीत), जागतिक वारसा यादीत आहे आणि नदीच्या वळणावर उंच कड्यावर उभं आहे, बघून तोंडात बोट जातं.

चिंचगुळ

टवाळखोर, डरहम सुंदरच आहे, पण स्टेशनपासून कॅथीड्रलपर्यंतचा चढ तिच्या आईच्या गुडघ्यांना कोण चढवणार, तुम्ही? यॉर्क बऱ्यापैकी सपाट आहे, ज्येष्ठ मंडळींना घेऊन जायचं तर हा मुद्दा फार मोठा असतो. आमच्या सासूबाईंना मी व्हीलचेअरवरून फिरवलंय तिथे. फरशी मात्र खडबडीत, दगडगोट्यांची, गल्ल्यांमध्ये चाकं खडखडतात आणि दोन्ही फुटपाथ इतके अरुंद की चेअर मधूनच न्यावी लागते. आईंना चांगल्या सोलचे बूट घालायला लावा, चपला-सँडल नकोत.

आणि शॅम्बल्स सकाळी आठला बघायची. दुकानं बंद असतात म्हणूनच बघायची. मग कळतं की वरचे मजले कसे पुढे झुकत झुकत एकमेकांच्या नाकाला नाक लावायला आलेत. ही खाटकांची गल्ली होती, १८७२ साली इथे पंचवीसेक खाटीक होते. दुकानांच्या बाहेर रुंद फळ्या आहेत आणि छपराखाली लोखंडी आकडे अजून शाबूत आहेत, मांस टांगायचे. गल्ली मुद्दाम अरुंद ठेवलेली, ऊन लागून माल खराब होऊ नये म्हणून. मधला रस्ता दोन्हीकडून खोलगट, रक्त-पाणी वाहून जायला. हे सगळं दिसायला गर्दी नसावी लागते, नाहीतर नुसती सेल्फीची गल्ली.

तिथेच एका खाटकाच्या बायकोचं छोटंसं प्रार्थनास्थळ आहे, मार्गारेट क्लिदरो. कॅथलिक पाद्र्यांना घरात लपवलं म्हणून १५८६ मध्ये तिला दगडांच्या वजनाखाली चिरडून मारलं. १९७० मध्ये पोपनं संतपद दिलं. तिचा एक हात वर लीड्सकरांनी सांगितलेल्या बार कॉन्व्हेंटमध्ये जपून ठेवलाय. नाश्त्याच्या आधी बघू नका एवढंच.

मुपो लीड्स

आलो परत. चिंचगुळताई, शॅम्बल्सचं एकदम बरोबर.

मिन्स्टर: बांधकाम १२२० च्या सुमाराला सुरू झालं आणि १४७२ मध्ये संपलं, म्हणजे अडीचशे वर्षं, कितीतरी पिढ्या पायापासून कळसापर्यंत काहीच पूर्ण न बघता गेल्या. तिकीट महाग आहे हे मान्य. पण तिकिटात खालचं तळघरही येतं आणि लोक नेमकं तेच सोडून जातात. १९६७ मध्ये लक्षात आलं की मधला टॉवर खचतोय, वजन पेलवत नाहीये. पाया मजबूत करायला खोदायला घेतलं तर खाली रोमन लष्करी छावणीचं मुख्यालय सापडलं! इंजिनिअर लोकांना टॉवर वाचवायची घाई आणि पुरातत्त्ववाल्यांना प्रत्येक दगड नोंदवायचा, दोघं एकाच खड्ड्यात काम करत होते १९७२ पर्यंत. आता तुम्ही खाली उतरलात की काँक्रीटच्या अवाढव्य पायाला लागून रोमन भिंती, रंगवलेल्या गिलाव्याचा तुकडा आणि अजून पाणी वाहणारं रोमन गटार असं सगळं एकत्र दिसतं. याच छावणीत ३०६ साली कॉन्स्टंटाइनला त्याच्या सैन्यानं सम्राट म्हणून जाहीर केलं, तोच पुढे ख्रिस्ती धर्माला राजाश्रय देणारा. त्याचा पुतळा बाहेर दक्षिण दारापाशी आहे, खुर्चीत ऐसपैस पसरून बसलाय.

वर काचा. पूर्वेची मोठी खिडकी जॉन थॉर्नटन नावाच्या कारागिरानं १४०५ ते १४०८ अशा तीन वर्षांत केली, जवळपास टेनिस कोर्टाएवढं क्षेत्रफळ, सृष्टीच्या उत्पत्तीपासून जगाच्या अंतापर्यंत. मजुरी मिळाली ५६ पाउंड. दुर्बीण असेल तर न्या, खरंच, कारण वरच्या चौकटी नुसत्या डोळ्यांनी कळतच नाहीत. उत्तरेकडे 'फाइव्ह सिस्टर्स' म्हणून पाच उंच करड्या-हिरवट खिडक्या आहेत, तेराव्या शतकातल्या, चित्रं नाहीत, नुसती नक्षी, काचेचे लाखाहून जास्त तुकडे. पहिल्या महायुद्धात मेलेल्या स्त्रियांचं स्मारक म्हणून त्या १९२५ मध्ये पुन्हा अर्पण केल्या, शेजारी लाकडी पडद्यावर नावं आहेत. मला मोठ्या खिडकीपेक्षा ह्याच जास्त आवडतात.

९ जुलै १९८४ च्या पहाटे दक्षिणेकडच्या भागाला आग लागली, बहुतेक वीज पडून. छप्पर पूर्ण गेलं, गुलाबखिडकीला तडे गेले पण ती जागची हलली नाही. नवीन छताच्या नक्षीसाठी लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमानं स्पर्धा घेतली आणि सहा मुलांची डिझाइन्स खरोखर लाकडात कोरून वर बसवली. चंद्रावरचा माणूस आहे, व्हेल मासा आहे. मान वर करून शोधा, खाली आरसा ठेवलेला असतो त्यात दिसतं.

रमतगमत

+१ तळघराला.

पैसे वाचवायचे असतील (किंवा आईंना नुसतं टेकायचं असेल) तर संध्याकाळी इव्हनसाँगला (गायनाच्या सायंप्रार्थनेला) जा. फुकट असते, कुठल्याही धर्माचा माणूस चालतो, क्वायरजवळच्या लाकडी आसनांवर बसवतात आणि पाऊण तास गाणं ऐकायचं. फोटो नाही, फोन बंद. वेळ वारानुसार बदलते, साइटवर बघून जा. माझी आई तर डोळे मिटून बसली होती, बाहेर आल्यावर म्हणाली, "भजनच ते, नुसती भाषा वेगळी."

इंजिनघर

बाबांच्या खात्याचा विषय निघालाय म्हणून खास लॉगिन केलं.

नॅशनल रेल्वे म्युझियम, १९७५ पासून यॉर्कला. प्रवेश फुकट. स्टेशनच्या मागच्या बाजूला, चालत दहा मिनिटं. ग्रेट हॉलमध्ये मधोमध फिरतं चक्र आहे, टर्नटेबल, त्याच्या भोवती इंजिनं ताऱ्यासारखी लावलेली. बाबांना आधी मॅलार्डपाशी घेऊन जा. निळं, पुढून पाचरीच्या आकाराचं इंजिन, ३ जुलै १९३८ ला यानं ताशी १२६ मैल गाठले, म्हणजे २०३ किलोमीटर, वाफेवर! तो विक्रम अजून त्याच्याच नावावर आहे. त्या धावेत मधल्या सिलिंडरच्या बिग एंडचं बेअरिंग वितळलं होतं आणि गाडी पुढे न्यायला दुसरं इंजिन लावावं लागलं. हे बाबांना सांगा, रेल्वेवाला माणूस आहे, बेअरिंगची गोष्ट विक्रमापेक्षा जास्त आवडेल.

मग जपानच्या पहिल्या पिढीतल्या बुलेट ट्रेनचा डबा, आत जाऊन बसता येतं. राणी व्हिक्टोरियाचा शाही डबाही आहे, निळं रेशीम आणि गाद्या, बाहेरून खिडकीतून बघायचा. आणि एक गोष्ट बहुतेक लोक चुकवतात, मागचं गोदाम. शेल्फांवर घड्याळं, कंदील, स्टेशनच्या पाट्या, सिग्नलचे लिव्हर, कपबश्या, सगळं खच्चून भरलेलं, धड लेबलंही नाहीत. तिथे बाबा हरवतील. फोन चार्ज करून ठेवा.

किमान तीन तास. "तासाभरात बघून होईल" म्हणणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नये.

कांदेपोहे

अरे वा!! बेअरिंगचं वाचून दाखवलं फोनवर, बाबा म्हणाले "बरोबर, गरम झालं की वास येतो त्याला." आता नवरा एकटा पडलाय, हॉटेल बुक होणार असं दिसतंय. यॉर्विक व्हायकिंग सेंटर आणि तो क्लिफर्ड्स टॉवर, याचं काय? दोन्हीला तिकीट आहे. आणि चहाला त्या प्रसिद्ध बेटीजमध्ये जावं का?

टवाळखोर

यॉर्विक म्हणजे पाळण्यात बसून पुतळे बघायचे आणि वास घ्यायचा. लहान मुलं असतील तरच.

मुपो लीड्स

अंशतः सहमत. पण ती जागा खरी आहे हे विसरू नका. १९७६ ते ८१ कॉपरगेटला खोदकाम झालं, ओल्या चिखलात हवा न लागल्यामुळे हजार वर्षांपूर्वीचं लाकूड, चामडं, कापड, अगदी लोकरीचा मोजासुद्धा टिकून राहिला. चाळीस हजार वस्तू निघाल्या आणि त्याच खड्ड्यात १९८४ मध्ये हे सेंटर उघडलं. पाळण्यात बसूनच फिरायचं असतं, त्यामुळे आईंच्या गुडघ्यांना उलट बरंच. आणि हो, तिथे व्हायकिंग काळातली एक वाळून दगड झालेली विष्ठा काचेत ठेवलीये, सुमारे २० सेंटीमीटर, १९७२ मध्ये एका बँकेच्या जागेवर खोदताना मिळाली. २००३ मध्ये कुणाच्या तरी हातून पडून तिचे तुकडे झाले, मग चिकटवली. त्या माणसाच्या पोटात जंत होते आणि तो पाव-मांस खायचा एवढं त्यावरून शोधलंय.

चिंचगुळ

जेवताना वाचत होते हो मी.

सांगलीकर

क्लिफर्ड्स टॉवरबद्दल जरा. बाहेरून बघितलं तर हिरव्या टेकाडावर गोलसर दगडी बुरूज, फोटोला मस्त. २०२२ पासून आत लाकडी गच्ची आणि जिने केलेत आणि वरून मिन्स्टर, नद्या, सगळं गाव दिसतं. पण जायच्या आधी तिथे काय झालं ते माहीत असावं. मार्च ११९० मध्ये शहरात ज्यूंच्या विरोधात दंगल उसळली, सुमारे दीडशे जण, बायकापोरांसकट, या ठिकाणी तेव्हा असलेल्या लाकडी टॉवरमध्ये आसऱ्याला आले, कारण ते राजाच्या संरक्षणाखाली होते. बाहेर जमाव. जमावाच्या म्होरक्यांत त्यांच्याकडून कर्ज घेतलेले सरदार होते. १६ मार्चच्या रात्री बहुतेकांनी शरण जाण्यापेक्षा स्वतःचा जीव दिला, टॉवर पेटला, आणि जे सकाळी सोडतो म्हणाल्यावर बाहेर आले त्यांनाही मारलं. नंतर जमाव थेट मिन्स्टरला गेला आणि तिथे ठेवलेले कर्जाचे कागद जाळले. म्हणजे हेतू काय होता ते स्पष्ट आहे. आत्ताचा दगडी बुरूज त्यानंतर पन्नासेक वर्षांनी बांधायला घेतलेला. खाली एक साधी पाटी आहे, बरेच लोक आइस्क्रीम खात तिच्या पुढून निघून जातात.

रमतगमत

कागद जाळले हे वाचून १८७५ चे दख्खनचे दंगे आठवले, सुप्याला सावकारांची खतं जाळली होती.

सांगलीकर

कागद जाळण्यापुरतं साम्य आहे, पुढे नको न्यायला. दख्खनच्या दंग्यात माणसांवर हात फारसा टाकला नव्हता. इथे सगळा समाजच संपवला, आणि १२९० मध्ये तर इंग्लंडमधून सगळ्या ज्यूंना हाकलूनच दिलं.

जरा हलकं: यॉर्कला ऊझ आणि फॉस अशा दोन नद्या आहेत आणि पूर नेहमीचाच. किंग्ज स्टेथ या घाटावर एक पब आहे, त्याच्या भिंतीवर कुठल्या साली पाणी कुठपर्यंत आलं त्या खुणा आहेत. लोक पाणी ओसरलं की फरशी धुऊन पुन्हा बिअर विकतात. आमच्याकडे पावसाळ्यात "आयर्विन पुलाला किती फूट?" हा प्रश्न असतो तसं इथले लोक नदीची पातळी मीटरमध्ये सांगतात. २०१५ च्या डिसेंबरात यॉर्विकमध्येही पाणी शिरलं आणि ते २०१७ पर्यंत बंद होतं. मे मध्ये काळजी नसावी, पण पावसाचा जोर असेल तर घाटाजवळचं हॉटेल टाळा.

चिंचगुळ

बेटीज: छान आहे पण रांग! सेंट हेलेन्स स्क्वेअरच्या मुख्य दुकानासमोर शनिवारी तासभर उभं राहणारे लोक मी बघितलेत. एका स्विस माणसानं १९१९ मध्ये हॅरोगेटला सुरू केलं, यॉर्कचं १९३० च्या दशकातलं, क्वीन मेरी बोटीच्या अंतर्गत सजावटीवरून बेतलेलं. सकाळी उघडल्या उघडल्या जा, रांग नसते, नाश्ता करा. फॅट रास्कल म्हणून एक मोठा स्कोनसारखा प्रकार असतो, बदामाचे दात आणि चेरीचे डोळे लावलेला, गरम असतो तेव्हा बरा लागतो. संपूर्ण आफ्टरनून टीचे पैसे मात्र मला जड गेले, त्यात दोघांची घरी थाळी झाली असती. (हो, मी हिशेब करते, करणारच.)

खाण्याचं अजून एक महत्त्वाचं, आणि हे कुणी सांगत नाही: यॉर्कशायरमध्ये बऱ्याच फिश अँड चिप्सच्या दुकानांत चिप्स बीफ ड्रिपिंगमध्ये म्हणजे गाईच्या चरबीत तळतात. त्यांना त्याचा अभिमान आहे, तीच चव म्हणून. आईबाबांना "नुसते बटाटे घ्या, शाकाहारी आहेत" म्हणून हातात देऊ नका, आधी विचारा कशात तळलंय. व्हेजिटेबल ऑइलवाली दुकानंही असतात, पण विचारल्याशिवाय नाही.

कांदेपोहे

बापरे, चिंचगुळताई, हे सोन्यासारखं सांगितलंत. आई तर गेलीच असती कोलमडून. धन्स!!

आणि बाहेर कुठे जायचं ते सांगा आता. गाडी नाहीये आमच्याकडे त्या वेळी, नवऱ्याच्या ऑफिसची कार तेव्हा नसेल.

रमतगमत

मग डोळे झाकून ८४० नंबरची बस पकडा. यॉर्कहून माल्टन, पिकरिंग, मग मूर्सच्या माळरानावरून थेट व्हिटबीच्या समुद्राला. २०१८ मध्ये हिला ब्रिटनमधला सगळ्यात देखणा बसमार्ग म्हणून निवडलं होतं. डबलडेकर असते, वर पुढच्या सीट पकडा (आई नको म्हणाल्या तर खाली). पिकरिंग सोडलं की शेतं संपतात आणि एकदम उघडा, झाड नसलेला, तपकिरी डोंगर सुरू होतो. ऑगस्टमध्ये तो जांभळा होतो, मे मध्ये मेंढ्यांची पिल्लं असतात रस्त्यावर.

व्हिटबीला कड्यावर पडकं अॅबी (ख्रिस्ती मठ) आहे, तिथे जायला १९९ पायऱ्या. आईंना खाली बंदरात बसवा, बाबा चढतील. मुळात ६५७ साली हिल्डा नावाच्या बाईनं तिथे मठ स्थापन केला आणि ६६४ मध्ये इंग्लंडचं चर्च ईस्टर कधी पाळणार याचा निकाल त्या मठात लागला. जेम्स कुकनं जहाजाचं काम याच गावात शिकलं आणि त्याचं एन्डेव्हर जहाज इथलंच. रक्तपिपासू काउंट ड्रॅक्युलाच्या कादंबरीचाही काही भाग याच गावात घडतो, त्यामुळे काळे कपडे घालून फिरणारी मंडळी दिसतील, घाबरू नका.

पण मुंबईकरांनी पिकरिंगलाच उतरावं असं माझं म्हणणं. जॉन लॉकवुड किपलिंगचा जन्म १८३७ मध्ये या गावातला. हा माणूस १८६५ मध्ये मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवायला गेला, त्याच वर्षी डिसेंबरात त्याला मुलगा झाला, रुडयार्ड. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आत्ताच्या महात्मा फुले मंडईच्या, दारांवर शेतकरी, धान्य, बैल असं दगडात कोरलंय ना, ते या लॉकवुडचं काम. शेकडो वेळा त्या दाराखालून आंबे घ्यायला गेलो, मान वर करून कधी बघितलं नव्हतं. पिकरिंगच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातली भिंतीवरची चित्रं आहेत, चुन्याखाली दडलेली ती १८५२ मध्ये सापडली. संताला बाण मारतायत, ड्रॅगन मारला जातोय, सगळं कॉमिकसारखं भडक. फुकट आहे, पाच मिनिटांवर.

आणि बाबांसाठी: पिकरिंगहून वाफेची गाडी सुटते, नॉर्थ यॉर्कशायर मूर्स रेल्वे, स्वयंसेवक चालवतात, ग्रॉसमाँटवरून व्हिटबीपर्यंत. मधलं गोथलँड स्टेशन म्हणजे जादूच्या शाळेच्या पहिल्या सिनेमातलं हॉग्समीड, इथे मात्र शूटिंग खरोखर झालंय (टवाळखोर यांनी नोंद घ्यावी). जाताना वाफेची गाडी, येताना बस, असं जमतं, फक्त गाडीचं वेळापत्रक दिवसागणिक वेगळं असतं ते आधी बघा.

टवाळखोर

नोंद घेतली.

इंजिनघर

गोथलँडला चढ जोरदार आहे, साधारण ४९ ला १. गाडी सुटताना प्लॅटफॉर्मवर उभं राहून इंजिनाचा आवाज ऐका. घाटात बँकर (मागून ढकलणारी जादा इंजिनं) लागायचे ते दिवस बाबांना आठवतील.

मुपो लीड्स

गाडी मिळाली तर फाउंटन्स अॅबी पण बघाच. गंमत अशी की यॉर्कमध्ये म्युझियम गार्डन्सच्या बागेत सेंट मेरीज अॅबीचे अवशेष आहेत (फुकट, शांत बाग, डबा खायला उत्तम). ११३२ मध्ये तिथल्या तेरा भिक्षूंना वाटलं की इथे फार चैन चाललीये, नियम पाळत नाहीत. भांडण हातघाईवर आलं, ते बाहेर पडले आणि रिपनजवळच्या एका ओसाड दरीत जाऊन राहिले. तेच फाउंटन्स. साधेपणासाठी निघालेले हे लोक शे-दोनशे वर्षांत लोकरीच्या धंद्यावर इंग्लंडमधला एक श्रीमंत मठ होऊन बसले, मग १५३९ मध्ये आठव्या हेन्रीनं सगळं बंद पाडलं. कोठाराची कमानदार ओवरी जवळपास शंभर मीटर लांब आहे, अजून छपरासकट उभी.

त्याच आवारात स्टडली रॉयल, हरणांचं रान, आणि तिथे लॉर्ड रिपनची इस्टेट होती. होय, शाळेत "स्थानिक स्वराज्य संस्थांचे जनक" म्हणून पाठ केलेले तेच, १८८० ते ८४ व्हाइसरॉय. त्यांच्याच काळात हंटर कमिशन नेमलं आणि त्यापुढे १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षणाबद्दल निवेदन दिलं. रानात सेंट मेरीज म्हणून चर्च आहे, बाहेरून साधं आणि आत सोनं, लाल, निळा असा नुसता धुमाकूळ, तिथे रिपन नवराबायकोची समाधी आहे. आईंना इतिहास आवडतो म्हणालात म्हणून. रिपन गावात रोज रात्री नऊला चौकात एक माणूस शिंग फुंकतो, शेकडो वर्षांची रीत आहे, कॉफी पीत पीत बघता येते.

सांगलीकर

आणि क्रिकेटचं कुणीच बोललं नाही? यॉर्कशायर काउंटी वर्षानुवर्षं यॉर्कशायरात जन्मलेल्यांनाच खेळवायची, ती परंपरा मोडून १९९२ मध्ये पहिला परदेशी खेळाडू घेतला तो आपला सचिन, वय १९. त्यांचं हेडिंग्ले मैदान लीड्सला आहे, यॉर्कहून गाडीनं अर्ध्या तासात लीड्स. मे मध्ये काउंटीची मॅच असेल तर तिकीट स्वस्त आणि स्टँड निम्मा रिकामा.

कांदेपोहे

सांगलीकर, नवरा पार्टी बदलून आमच्यात आलाय तुमच्या या एका पोस्टवर. आता तो म्हणतोय तीन रात्री.

शेवटचे दोन प्रश्न: बाबांना मिन्स्टरच्या टॉवरवर चढायचंय, वय ६६, तब्येत ठणठणीत, जमेल का? आणि गाडीचं तिकीट स्वस्तात कसं?

इंजिनघर

तिकीट: आधी बुक केलं की ॲडव्हान्स फेअर बऱ्यापैकी कमी पडतं, पण मग त्याच गाडीनं जायचं. दोघंही साठीच्या वर असतील तर सीनियर रेलकार्ड काढा, स्टेशनवर पासपोर्ट दाखवून मिळतं, भाड्यात एक तृतीयांश सूट. त्यांचा मुक्काम मोठा असेल तर लंडनच्या फेऱ्यांतच वसूल होतं.

मुपो लीड्स

टॉवर २७५ पायऱ्या, गोल जिना, शेवटचा टप्पा एवढा अरुंद की जाडजूड जॅकेट घासतं. मध्ये थोडा वेळ छपरावरून उघड्यावर चालायचं असतं तिथे दम खाता येतो. उंचीची भीती, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर नको, नाहीतर ६६ ला काही अडचण नाही. ठरावीक वेळेच्या तुकड्या सोडतात आणि जागा मोजक्या असतात, म्हणून आधी बुक करा. वारा जोराचा असला की वर सोडत नाहीत, तेव्हा पहिल्याच दिवशीचा स्लॉट घ्या.